नारळ फुटल्यानंतरचं भोक

मार्केट वाढतंय, मार्केट वाढतंय. हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. वाढतंय तर वाढू दे की, माझ्या बापाचं काय जातंय! पण त्या वाढत्या मार्केटात माणसं झोपणार आहेत, लेकरंबाळं कुशीत घेऊन झोपणार आहेत, हे वाढवणाऱ्यांच्या ध्यानात कधी यायचं?

मी राहायच्या गाड्यांबद्दल बोलते आहे. कुणी कॅराव्हॅन म्हणतं, कुणी कॅम्पर, कुणी मोटरहोम. आत पलंग, ओटा, बेसिन, संडास, सगळा संसार. होटगी रोडला आमचं गाड्यांच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. मामा बॉडी मिस्त्री, माझा नवरा वेल्डिंग आणि रंग बघतो, आणि सीटकाम गेली बावीस वर्षं माझ्याकडं. फोम कापायचा, रेक्झिन ओढून शिवायचं, गाद्या, पडदे, आणि गाडीच्या तळाला पसरायचं फ्लोअरिंगही मीच टाकते.

एके काळी आमच्या दारात बसगाड्यांची रांग असायची. मालक नुसता सांगाडा आणून उभा करायचा आणि दोन महिन्यांनी बस घेऊन जायचा. मग कंपन्या बॉडीसकट गाड्या द्यायला लागल्या, नियम बदलले, आणि आमच्या शेडमध्ये कुत्री झोपायला लागली. शाळेच्या व्हॅनची सीटं शिवून आम्ही दिवस काढले. लॉकडाऊन उठल्यावर सात रस्ता चौकातले एक डॉक्टर त्यांची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आले. म्हणाले, मामा, हॉटेलात उतरायची भीती वाटते, हिच्यातच घर करून द्या. मामांनी दिलं करून. डॉक्टर बायकोला घेऊन पार हंपीपर्यंत फिरून आले, फोटो टाकले, आणि ते फोटो बघून पुण्याचा तो साहेब आमच्या दारात आला.

साहेब म्हणजे तिशीतला पोरगा, अशा गाड्या बांधून घेऊन विकणारा. पांढरे बूट. आमच्या शेडमध्ये पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, पण विचारतंय कोण आम्हाला? त्यानं माझ्या शिलाई मशीनवर लॅपटॉप मांडला. मधे सुई होती, ती त्याला दिसलीसुद्धा नाही. स्क्रीनवर एक रेघ डावीकडनं उजवीकडं चढत गेलेली.

"काका, ही इंडस्ट्री आता उडणार बघा," तो मामांना म्हणाला. "लोकांना लक्झरी नकोय, एक्सपीरियन्स पाहिजे. चाकावरचं घर. ही लाइफस्टाइल आहे."

माझा बाप तीस वर्षं ट्रकच्या केबिनमध्ये झोपला. तिथंच स्टोव्हवर भात, तिथंच दाढी, तिथंच ताप आला तर पडून राहणं. त्याला कुणी लाइफस्टाइल म्हटलं नाही. नातेपुत्याच्या बाजूला ऊसतोडीची माणसं ट्रॉलीखाली लेकरं निजवतात, त्यांचंही घर चाकावरच की. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. नवऱ्यानं डोळ्यांनी दाबलं म्हणून गप्प बसले. काम पाहिजे होतं आम्हाला, खोटं कशाला बोलू? साहेब म्हणाला, ही एक गाडी झकास करून द्या, मग महिन्याला एक तुमच्याकडंच.

आता गॅसचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरनंच झालं.

सहलीच्या बसगाड्यांमध्ये पूर्वी आचारी बरोबर असायचे. डिकीत सिलिंडर, शेगडी, भांडी. त्या बसगाड्या बांधतानाच मामांनी मला शिकवलं होतं. "गॅस म्हंजे पाणी समज," ते म्हणायचे. "वर जात न्हाय, खाली बसतो. जितं सिलिंडर, तितं तळाला भोक पायजेच. गळला तर रस्त्यावर गळंल. भोक नसंल तर आत साठत बसतो, आणि कुणी काडी वडली की संपलं." डॉक्टरांच्या गाडीलाही मामांनी तसं भोक ठेवलं होतं, मुठीएवढं, खालनं जाळी मारून. डॉक्टर म्हणाले होते, धूळ येईल. मामा म्हणाले, धुळीनं माणूस मरत न्हाय.

साहेबाच्या गाडीत सिलिंडरचा खण पलंगाखाली होता. सिलिंडर बाहेर दिसला की लूक जातो म्हणे, ट्रेंड नाही म्हणे. मामांनी मान डोलावली, पण भोक पडणार ही अट घालून. साहेबानं नाक मुरडलं आणि हो म्हणाला. तळाला पसरायची ती लाकडासारखी दिसणारी शीट मुंबईहून यायची होती, ती येईपर्यंत भोक थांबवलं. शीट टाकून मग आरपार पाडायचं, म्हणजे कडा नीट बंद करता येतात. शीट आली ती पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर. आणि तासाभरात साहेबाचा फोन. उद्या पाडव्याचा मुहूर्त आहे, सकाळी नऊला पूजा करू, व्हिडिओवाले येतायत, अकराला कस्टमर गाडी न्यायला येतायत.

मी शीट टाकली. गुडघे सोलून निघाले, पण एक सुरकुती राहू दिली नाही. खणाच्या तळालाही टाकली. सकाळी गाडीला झेंडूच्या माळा, बॉनेटवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबं. मामांनी कपाळाला विभूती लावली, गाडीपुढं नारळ फोडला. मी आरती ओवाळली. व्हिडिओवाला पोरगा म्हणाला, ताई परत एकदा ओवाळा, लाइट बरोबर आला नाही. परत ओवाळली! आणि सगळं उरकल्यावर शेंडी-करवंट्या गोळा करून मी आत झाडू मारायला गेले, खण उघडला, तर खाली ती शीट. गुळगुळीत. कुठं छिद्र नाही, कुठं काही नाही.

एवढी अक्कल गहाण टाकली होती का मी? शीट पसरणारी मी. खण झाकणारी मी. व्हिडिओतल्या बाईसारखी ताट फिरवत उभी राहणारी पण मीच. आधी स्वतःचाच राग आला, असा की हातातला झाडू मी जोरात आपटला.

बाहेर येऊन मामांना बाजूला घेतलं. "मामा, गॅसचं भोक राहिलं."

मामांचं तोंड उतरलं. त्यांनी गाडीकडं बघितलं, फुटलेल्या नारळाकडं बघितलं. "नारळ फुटला की," एवढंच म्हणाले.

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्या शेडचा एक नियम आहे, मामांच्या गुरूपासून आलेला. नारळ फुटला की त्या गाडीला हत्यार लावायचं नाही. स्क्रूसुद्धा पिळायचा नाही. नारळ फुटला म्हणजे गाडी मालकाची झाली, देवाच्या हवाली झाली. मामांनी हा नियम आयुष्यात एकदाच मोडला होता. एका बसमालकानं पूजेनंतर हट्ट धरला, मागं टपावर चढायची शिडी पाहिजे म्हणून. मामांनी वेल्डिंग करून दिली. ती बस दुसऱ्या आठवड्यात घाटातनं खाली गेली आणि ड्रायव्हर गेला. शिडीचा आणि अपघाताचा काही संबंध नव्हता, हे मामांनाही पक्कं माहीत आहे. तरी त्या ड्रायव्हरच्या घरी ते अजून दर वर्षी जाऊन येतात.

"मामा, अकराला माणसं येणार. गाडीत निजणार ती."

"ब्याडा," मामा म्हणाले. नको. ते घाबरले की कानडीत शिरतात. "मी न्हाय लावणार हात. आणि तू बी लावू नको. एकदा मारलंय मी एकाला."

"आणि भोक न्हाय पाडलं तर कोण मारंल?"

मामा कॉम्प्रेसरजवळच्या लाकडी स्टुलावर जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून. मी नवऱ्याकडं गेले. तर हा माणूस रंगाचा डबा पुसत उभा! म्हणाला, "आता बापाच्या शब्दाबाहेर कसं जायचं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी वाटलं, ह्याच्यापरीस तो डबा बरा.

मग साहेबाला गाठलं. त्याला नारळाचं काही सोयरसुतक नव्हतं, पण त्याचं दुसरंच. "ताई, फ्लोअरला आता ड्रिल? मघाशीच शूट झालंय. एवढं सुंदर फिनिश आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला बघू ना."

"मग सिलिंडर काढून ठिवा. सर्व्हिसिंगला द्या."

"कस्टमरनं किचनसाठीच तर गाडी घेतलीय. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका! ह्या तीन शब्दांनी जेवढी माणसं मेली असतील तेवढी साथीच्या रोगानं मेली नसतील.

अकराला कस्टमर आले. नवरा, बायको आणि पाचेक वर्षांची मुलगी. पुण्याहून भाड्याच्या गाडीनं आले होते, आता इथूनच स्वतःची गाडी घेऊन कोकणात, आठ दिवस. मुलगी चप्पल काढून पळतच आत चढली आणि पलंगावर उड्या मारायला लागली. मीच शिवलेली गादी. तिच्या पायाखाली फळी, फळीखाली तो खण, खणात लाल सिलिंडर. तिची आई खालून मोबाईलवर फोटो काढत होती. मुलगी ओरडली, "आई, मी इथंच झोपणार रोज!"

मला राहवलं नाही. मी त्या बाईला म्हटलं, "ताई, ह्या गाडीत एक काम राहिलंय. गॅसच्या खणाला..."

"ह्या आमच्या शिवणकामाच्या ताई," साहेब मधे पडला, दात काढत. "टेक्निकल त्यांना नसतं माहीत. पडदे बघा काय केलेत!"

बाईचा नवरा हसला. "साहेबांनी सगळं सर्टिफाइड आहे म्हणून सांगितलंय."

शिवणकामाच्या ताई! बावीस वर्षं ह्या लोखंडात काढली. त्या साहेबाला सिलिंडरचा रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरतो हे माहीत नसेल, आणि मी पडदे! माझ्या कानशिलातनं आग निघाली. मी सरळ हत्यारांच्या फळीकडं गेले, ड्रिल काढलं, भोक पाडायचं मोठं कटर लावलं, वायर ओढत गाडीत शिरले.

"ताई, पोरीला खाली घ्या," मी म्हटलं. त्या बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता मुलीला काखेत मारून खाली उतरली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

साहेब ओरडायला लागला. नवरा नुसता "अगं, अगं" करत दारात. पाडव्याच्या दिवशी शिमगा चालला होता आमच्या शेडमध्ये. मी सिलिंडर बाहेर सरकवला, गुडघ्यावर बसले, कटर तळाला टेकवलं आणि थांबले. कारण तळाखालनं काय काय गेलंय ते मला माहीत नव्हतं. ब्रेकचा पाइप, वायरिंग, सगळं मामांच्या हातचं, आणि त्यांच्या डोक्यातच. कागदावर काही नाही. चुकीच्या जागी कटर उतरलं तर गॅसचं राहू दे, पहिल्या घाटातच निकाल.

मी आतनं हाक मारली. "मामा, ब्रेकचा पाइप कुटनं गेलाय?"

दारातनं त्यांची पाठ दिसत होती.

"मामा! सांगणार न्हाय? बरं. मग मी अंदाजानं पाडते. कापला तर कळंल ह्यांना घाटात."

मी ड्रिल सुरू केलं, हवेतच. शपथेवर सांगते, टेकवलं नव्हतं. टेकवायची माझी छाती नव्हती. पण आवाज बाहेर गेला. मामा स्टुलावरनं उठले. वळले नाहीत, पाठ तशीच. भिंतीकडं बघत म्हणाले, "बंद कर."

मी बंद केलं.

"उजव्या अंगाला पाइप हाय. डावीकडं सरक." त्यांचा आवाज फाटला होता. "खणाच्या कोपऱ्यापासनं आठ बोटं सोड. माझी बोटं, तुजी न्हाय. तुजी दहा धर."

मी दहा बोटं मोजली. "मामा, हितं?"

"खाली टकटक करून बघ. भद्द वाजलं तर पट्टी हाय. पोकळ वाजलं तर पाड."

पोकळ वाजलं. मी पाडलं. प्लायवूडचा भुसा उडाला, मग पत्र्याचा कर्कश आवाज, आणि मग खालची जमीन दिसली. आमच्या शेडची काळी, तेलकट जमीन. मी तिथंच हमसून रडले. रागानं की कशानं, विचारू नका.

जाळी मारली, कडा बंद केल्या, सिलिंडर जागेवर ठेवला. त्या बाईनं माझा नंबर घेतला. जाताना तिच्या नवऱ्यानं खण उघडून स्वतः आत हात घालून बघितला. गाडी गेली. मग साहेबानं तोंड सोडलं. माझ्या फ्लोअरची वाट लावली, कस्टमरसमोर अब्रू घालवली, आता तुमच्याकडं एक खिळासुद्धा पाठवणार नाही. आणि शेवटी म्हणाला, "माझ्या आधीच्या चार गाड्या रस्त्यावर फिरतायत. दुसरीकडं बनवून घेतल्यात. एकीलाही भोक नाही. झालं काय त्यांना?"



"कुणाच्या हायेत त्या?" मी विचारलं.

"ते कॉन्फिडेन्शियल आहे," असं म्हणून साहेब गाडीत बसून गेला. काचा वर करून, एसी लावून.

त्या दिवसापासनं मामा माझ्याशी बोलेनात. रागावले असं नाही. जेवायला वाढलं की जेवायचे, अर्ध्यात उठायचे. रोज सकाळी माझ्या नवऱ्याला विचारायचे, "तिला विचार, गाडी कुटं पोचली." मी समोर उभी असायचे, तरी तिला विचार! त्या बाईचे फोटो यायचे, समुद्र, मुलगी, ओट्यावर उकळणारा चहा. मी मुद्दाम मोठ्यानं सांगायचे, आज गुहागर, आज हर्णै. मामा ऐकून शेडमागं जायचे. नियम मोडला होता त्यांनी, हातानं नाही तर तोंडानं, आणि ते आठ दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. नवव्या दिवशी बाईचा फोन आला, घरी पोचलो, सगळे सुखरूप. मी सांगितलं. मामांनी डोळे मिटले, हात जोडून कपाळाला लावले, आणि तरीही माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात साहेबाचा व्हिडिओ आला. गाणं लावलेलं, झेंडूच्या माळा, माझी आरती, आणि मग ती गुळगुळीत जमीन, कॅमेरा तिच्यावरनं सावकाश फिरवलेला. खाली लिहिलेलं, भारतात कॅराव्हॅनचं मार्केट वाढतंय, तुम्ही कधी येताय? लोक खाली बदाम टाकत होते. किंमत विचारत होते. कुणी लिहिलं होतं, बायकोला सरप्राइज देणार.

मी खाली लिहिलं, "गॅसला भोक कुठं आहे?" तासाभरात पुसलं गेलं. परत लिहिलं, परत पुसलं. तिसऱ्यांदा लिहायला गेले तर मला दारच बंद. माझ्या फोनवर त्याचं पानच दिसेना. चुलीत जाऊ दे त्याचं पान! नवरा म्हणाला, "आता बास की. आपल्या गाडीचं झालं ना? दुनियेचा ठेका घेतलायस का?"

घेतलाय, म्हटलं. तू घे तुझा डबा.

मी मशीनवर बसले. शाळेच्या व्हॅनचं एक फाटकं सीट आलं होतं, त्याची शिवण उसवत होते. चार गाड्या. कुणीतरी ह्या क्षणी त्यात चहा ठेवत असेल. वर कुणी निजलं असेल. आणि मला त्यांची गावंसुद्धा माहीत नाहीत. ओरडून सांगावं तर कुणाच्या दारात ओरडू?

मामा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी स्वतःचा फोन माझ्यापुढं रेक्झिनवर ठेवला. काच तडकलेली आहे त्याची, मामा तो फक्त उचलायला आणि ठेवायला वापरतात.

"ह्याच्यावरनं लिही," म्हणाले. सोळा-सतरा दिवसांनी माझ्याशी पहिला शब्द.

"काय लिहू?"

"ज्यांच्याकडं ह्याच्या गाड्या हायेत, त्यांनी पलंगाखालचा खण उघडा, म्हणावं. तळाला हात लावून बघा. भोक नसंल तर आजच्या आज सिलिंडर भाईर काढा. आणि गाडी हितं आणा. मी पाडून देतो."

मी वर बघितलं. "मामा, त्या गाड्यांचे नारळ कधीच फुटलेत."

"म्हायती हाय मला. लिही. माझं नाव घाल खाली, मिस्त्री म्हणून घाल."

मी त्याच व्हिडिओखाली लिहिलं. मामांना वाचता येत नाही एवढं बारीक, म्हणून वाचून दाखवलं. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभेच होते.

"गेलं का?"

"गेलं."

"पुसंल तो," मामा म्हणाले. "पुसलं की परत लिही."